जुन्या धाटणीचे बूट, ते पण भारतात बनलेले, घ्यायचे तर काय बघून घ्यायचे

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. मूळ पाचोऱ्याचा पोरगा, आता पुण्यात नोकरीला. आजोबा घालायचे तसले साधे पांढरे कॅनव्हासचे बूट हवेत आणि एक लेदरचा जुन्या टाइपचा लेसवाला जोड. अट एकच, बाहेरून आलेला माल नको, इथेच बनलेला पाहिजे, आणि बजेट दोन्ही मिळून पाच हजाराच्या आत. ऑनलाइन ‘रेट्रो’ टाकून शोधलं तर सगळं आठ-दहा हजाराच्या पुढे आणि बुटाच्या जिभेच्या आतल्या पट्टीवर व्हिएतनाम नाहीतर चायना लिहिलेलं. आता काय करू?

भाऊ, पहिलं काम करा, तो रेट्रो शब्द शोधणं सोडा. तुम्हाला जे पाहिजे ते आपल्याकडे कधी बंदच पडलेलं नाही, ते अजून शाळेच्या बुटांच्या मांडणीवर खालच्या कप्प्यात पडलेलं आहे आणि त्याला सगळे पीटीचे बूट म्हणतात. मी पस्तीस वर्षं जळगावात बूट विकतोय आणि त्याच्या आधी धुळ्याला आग्रा रोडवर वडिलांच्या शेजारी बसून चामडं टोचायची आरी आणि कापायची रापी धरायला शिकलो, म्हणजे विकणं आणि उसवणं दोन्ही केलंय, आणि उसवल्याशिवाय बूट कळत नाही हे माझं पक्कं मत आहे. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्याकडे ह्या बुटांची रांग लागते आणि त्याच रांगेत आता तुमच्यासारखी तीस-पस्तीसची पोरं दिसायला लागलीत, नऊ नंबर आहे का काका म्हणून हळूच विचारतात. आहे ना बाबा. शाळेच्या मापात बहुतेक दहापर्यंत नंबर येतो.

कॅनव्हासमध्ये पहिलं नाव बाटाचंच येतं. बाटा हिंदुस्थानी कंपनी आहे असं आपल्याकडे अर्ध्या लोकांना वाटतं, ती मूळची चेक लोकांची, १८९४ ची, झ्लिन गावातली, पण १९३१ पासून इथे धंदा करतेय आणि कोलकात्याजवळ त्यांनी अख्खं बाटानगर वसवलं. त्यांचा ‘टेनिस’ नावाचा पांढरा बूट १९३६ चा आहे आणि तो इथल्याच शाळांच्या पोरांसाठी काढलेला, म्हणजे तुमच्या आजोबांच्या पायात बहुतेक तोच असणार. मध्यंतरी कंपनीने त्यालाच सजवून फॅशनवाल्या लोकांना पण विकला. त्याशिवाय फरीदाबादची लखानी आहे, कर्नालची लिबर्टी आहे, दिल्ली-बहादूरगडकडची रिलॅक्सो आहे. बहादूरगड म्हणजे बिगर-लेदर बुटांचं मोठं आगर, तुम्ही नाव पण ऐकलं नसेल अशा कंपन्यांचा माल तिथून निघतो आणि आपल्या आठवडे बाजारापर्यंत येतो. मुंबईची कॅरोना होती, ती केव्हाच गेली, आजच्या पोरांना नाव सांगितलं तर आजार आठवतो.

एक सावधगिरी. भरतीची तयारी करणारी पोरं गोल्डस्टार घालतात, स्वस्त, हलका, दिसायला पण जुना. चांगला बूट आहे, मी वाईट म्हणणार नाही, पण तो नेपाळचा आहे. तुमची अट कडक असेल तर तो यादीतून गेला.

आता नावापेक्षा महत्त्वाचं सांगतो. कॅनव्हासचा जुना बूट कशाने जुना ठरतो? रंगाने नाही आणि पट्ट्यांनी तर नाहीच, सोल कसा लावलाय त्याने. खरी जुनी पद्धत व्हल्कनाइज्ड, म्हणजे कच्चं रबर, कॅनव्हासचं अप्पर म्हणजे बुटाचा वरचा भाग, आणि भोवतीची रबराची पट्टी हे सगळं फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवून अख्खा बूट बंद भट्टीत दाबाखाली तास-सव्वा तास भाजतात, तेव्हा रबर पिकतं आणि कापडात बसतं. वेगळ्या सोल्यूशनवर सगळा भार नसतो. आपल्या खान्देशात याचा फायदा काय ते मे महिन्यात कळतं. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की डांबर मऊ होतं, मग सोल्यूशनने चिकटवलेला सोल काय टिकणार. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेले बूट, चोच उघडलेली, असे रोज दोन-तीन जोड उन्हाळ्यात दुरुस्तीला येतात आणि त्यात व्हल्कनाइज्डवाला क्वचित असतो.

ओळखायचं कसं? बूट हातात घ्या, सोलच्या भोवती जी पट्टी फिरलेली असते तिच्यावर बोट फिरवत जा. खऱ्या पट्टीला कुठेतरी जोड असतो, एक टोक दुसऱ्यावर चढलेलं, बहुतेक आतल्या बाजूला कमानीपाशी नाहीतर टाचेवर, टाचेवर असेल तर त्याच्यावर कंपनीचा रबरी बिल्ला चिकटवून झाकलेला असतो. तो जोड सापडला की समजा पट्टी हाताने गुंडाळलेली आहे. जोड कुठेच नाही, पट्टीवरची ‘शिलाई’ पण साच्यातूनच आलेली, आणि पट्टी-सोल सगळं एकसंध असेल तर ते साच्यात ओतलेलं पीव्हीसी नाहीतर टीपीआर, दोन्ही प्लास्टिकच्या जातीचंच. पारोळ्याकडचे एक आबा आहेत, दर दोन वर्षांनी एकच तपकिरी कॅनव्हासचा जोड नेतात. एकदा माझ्याकडे कंपनीने नवीन माल पाठवला, डबा तोच, नाव तेच, मी पण न बघता पुढे केला. आबांनी विचारलं, “हाऊ जोडा कितलाले शे?” मी भाव सांगितला. त्यांनी नखाने सोल खरवडला, वाकवला, नाकाला लावला आणि म्हणाले, “हाई रबर नही शे भाऊ, प्लास्टिक शे.” मी बघतो तर खरंच, कंपनीने गुपचूप सोल बदललेला. तेव्हापासून कुठलाही जोड मी आबांसारखा नाकाला लावूनच ठेवतो, खऱ्या रबराचा वास सायकलच्या नवीन ट्यूबसारखा येतो, पीव्हीसीचा वास शॉवरच्या पडद्यासारखा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी ‘रेट्रो रनर’ टाइपच्या बुटांपासून लोकांना लांब ठेवतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या धावायच्या बुटांसारखे दिसणारे जे जाड सोलचे जोड मिळतात त्यातल्या बऱ्याच जोडांचा सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा असतो. पीयूला एक खोड आहे, हवेतला ओलावा त्याला आतून खातो, तुम्ही वापरा नाहीतर न वापरा. आमच्याकडून एका गृहस्थाने भारीतला जोड नेला, पोराच्या लग्नात घालू म्हणून कपाटात जपून ठेवला, चांगला चार वर्षं, डब्यातला कागद पण हलवला नाही. लग्नाच्या दिवशी चोपड्याला वरातीत दहा मिनिटं नाचले आणि सोलचे तुकडे पडायला लागले, वाळलेल्या भाकरीसारखे, मागे रस्त्यावर काळा चुरा. उरलेली वरात त्यांनी कुणाच्या तरी हवाई चपलेवर काढली. दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर पिशवी उपडी केली आणि एक शब्द बोलले नाहीत. कंपनीला कळवलं तर म्हणे वॉरंटी संपली. खरं सांगायचं तर चूक माझी पण होती, तो जोड माझ्याकडे आला तेव्हाच दोन वर्षांचा जुना होता आणि मी डब्यावरची तारीख बघितली नव्हती, डिस्काउंटमध्ये मिळाला म्हणून भरला होता. अर्धे पैसे मी खिशातून दिले.

म्हणून डब्यावरचं लेबल वाचायची सवय लावा, तिथे सगळं लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. पीयू सोलचा जोड दीड-दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर सेलमध्ये अर्ध्या किमतीला दिला तरी घेऊ नका. रबर सोल असेल तर एवढी चिंता नाही, फार जुनं झालं तर कडक होतं, चुरा होत नाही.

त्याच लेबलवर तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ लिहून पुढे कारखान्याचा पत्ता असेल तर काम झालं. ‘मार्केटेड बाय’ एवढंच असेल तर तो फक्त विकणारा, बनवणारा दुसराच, त्याचं नाव शोधा. ‘इम्पोर्टेड बाय’ असेल तर विषय संपला. ‘डिझाइन्ड इन इंडिया’ ला फसू नका, चित्र बंगळुरूला काढलं आणि बूट बनला भलतीकडे असं पण असतं. उलट पण होतं बरं का, परदेशी मोठ्या नावांचे काही जोड तामिळनाडूतल्या कारखान्यांत बनतात, आणि अस्सल देशी वाटणारं नाव असलेला जोड कंटेनरमधून आलेला असतो. त्यामुळे नावावरून देश ठरवू नका. ऑनलाइन घेणार असाल तर प्रॉडक्टच्या माहितीत ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ दाखवणं २०२० च्या नियमांपासून बंधनकारक आहे, पण ते भरणारा माणूस झोपेत भरतो, म्हणून आल्यावर डबा बघा आणि जुळत नसेल तर सरळ परत पाठवा.

आयएसआयचा शिक्का पण बघा. रबर आणि प्लास्टिकच्या पादत्राणांवर १ ऑगस्ट २०२४ पासून तो सक्तीचा व्हायला लागला, कॅनव्हासच्या रबर सोलवाल्या बुटाचं मानक आयएस ३७३५. शिक्क्याखाली सीएम/एल आणि पुढे नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या, शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्याच ॲपमध्ये टाकला की कारखाना कुणाचा, कुठला, ते मोबाइलवर येतं. कुठे बनला हे कळायला याच्याइतका सोपा मार्ग नाही, विकणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही. फक्त लहान कारागिराच्या मालावर शिक्का दिसला नाही तर लगेच तो माल बोगस म्हणू नका.

आता लेदर. इथे बोलायला जास्त आहे.

आपल्या भागात लेदरचा बूट म्हणजे आग्र्याचा. धुळ्यावरून मुंबई-आग्रा रोड जातो, माल ट्रकने थेट यायचा, म्हणून वडिलांच्या वेळी धुळ्यात आग्र्याचा जोड जळगावपेक्षा स्वस्त मिळायचा. मी स्वतः भुसावळहून पंजाब मेल धरून आग्र्याला जायचो. तिथे हिंग की मंडी नावाचा बाजार आहे, हिंग औषधाला नाही, सगळे बूटच बूट. मागच्या गल्ल्यांत घराघरात काम चालतं, एक जण अप्पर शिवतो, दुसरा ते फरम्यावर पकडीने ताणून बारीक खिळे मारतो, तिसरा सोल बसवतो. मी तिथे एकच प्रश्न विचारायचो, फरम्यावर किती दिवस ठेवता? चांगला कारागीर तीन-चार दिवस ठेवतो, लेदर त्या आकारात पक्कं बसतं, मग बूट वर्षभर आकार सोडत नाही. घाईतला माल सकाळी चढवून संध्याकाळी उतरवतात, दुकानात एकदम झकास दिसतो आणि दोन महिन्यांत पुढून होडीसारखा वर वळतो. तुम्हाला दुकानात फरमा दिसणार नाही, पण टाच दाबून बघा. टाचेच्या मागचा भाग अंगठ्याने आत दाबायचा, कडक असला पाहिजे आणि सोडल्यावर लगेच जागेवर आला पाहिजे. दबूनच राहिला तर आत पुठ्ठा.

अडीच-तीन हजारात काय मिळेल याची अपेक्षा नीट ठेवा. इंटरनेटवर सगळे गुडइयर वेल्ट गुडइयर वेल्ट करतात, म्हणजे भोवतीने एक पट्टी शिवून तिला सोल शिवलेले बूट. ते भारतात बनतात, आग्रा, कानपूर, तामिळनाडूत अंबूर-राणीपेटकडे, उत्तम बनतात आणि त्यातले बरेच एक्स्पोर्टला जातात, पण तुमच्या बजेटमध्ये ते नाहीत. ह्या किमतीत जो ‘वेल्ट’ दिसतो, म्हणजे सोलच्या काठावर वरून पांढऱ्या दोऱ्याचे टाके, तो बहुतेक दाखवायचाच असतो, टाके घातलेली पट्टी वरून चिकटवलेली. बूट उलटा करून तळ बघा. वर टाके आहेत आणि खाली टाकाही नाही आणि टाका लपवायची चीरही नाही, तर ते दागिन्यासारखे आहेत, धरून काहीच ठेवत नाहीत. त्यापेक्षा सरळ चिकटवून भोवतीने शिवलेला साधा सोल घ्या, झिजला की आमच्यासारखा कुणीही तीन-चारशेत नवीन रबर बसवून देईल.

लेदर ओळखायला माचिस घेऊन दुकानात जाऊ नका, एकाने आमच्याकडे खरंच काढली होती. बूट जिथे वाकतो तिथे अंगठ्याने दाबा, खऱ्या लेदरवर बारीक बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर विरतात, रेक्झिनवर एक-दोन जाड घड्या पडतात. फार चकचकीत, आरशासारखा, छिद्रंच न दिसणारा असेल तर वरून जाड थर दिलेला. कापलेली कड कुठे उघडी दिसते का बघा, लेसच्या भोकांपाशी नाहीतर जिभेच्या टोकाला, तिथे धागेधागे दिसले पाहिजेत, खाली विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. आणि आतलं अस्तर विचारा, हे लोक विसरतात. बाहेर लेदर आणि आत रेक्झिनचं अस्तर असेल तर आपल्याकडच्या उन्हात पाय उकडून निघतो आणि संध्याकाळी घरात बूट काढला की घरचे खिडक्या उघडतात.

डिझाइनमध्ये डर्बी घ्या, ऑक्सफर्ड नको. डर्बीत लेसच्या दोन्ही बाजू वरून मोकळ्या असतात, पाय रुंद असला तरी सामावतो, ऑक्सफर्डमध्ये त्या खालून शिवून बंद असतात. आपले पाय पुढून रुंदच, लहानपणी अनवाणी फिरलेले. मापं सगळी विलायती फरम्यांवरची, म्हणून चेन्नईच्या सीएलआरआय ह्या सरकारी चामडं संशोधन संस्थेने देशभरात लाखभर लोकांचे पाय मोजून ‘भा’ नावाचं भारतीय माप सुचवलंय, पण दुकानात अजून यूके नंबरच चालतो. एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, म्हणून अर्धा नंबर मिळत नसेल तेव्हा मोठा घ्या आणि आत सुकतळा टाका, लहान घेऊन ‘घालून घालून सैल होईल’ याची वाट बघू नका. कॅनव्हास तर रुंदीला अजिबात सुटत नाही, करंगळीपाशी फाटतं. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

पैशाचं एक गणित सांगतो, हे दुकानदार सांगत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या जोडाला जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वरच्याला १८. म्हणजे २४९९ च्या बुटात माल २३८० चा आणि २९९९ च्या बुटात माल साधारण २५४० चा. तुम्ही पाचशे जास्त मोजले आणि बुटात गेले जेमतेम एकशे साठ. म्हणून एकतर अडीच हजाराच्या आतच थांबा, नाहीतर मग सरळ चार-साडेचार हजारापर्यंत जा, मधल्या पट्ट्यात काही अर्थ नाही. तुमच्या बजेटला पहिलंच बसतं, सात-आठशेच्या आत कॅनव्हास आणि अडीच हजाराच्या आत लेदर, वर पॉलिश-ब्रशचे पैसे पण निघतील.

घ्यायचं कुठे? कॅनव्हास पुण्यात कुठल्याही जुन्या, शाळांचा माल ठेवणाऱ्या दुकानात, मॉलमध्ये नाही. लेदर शक्यतो हातात घेऊन. आणि गावी येणार असाल तर जळगावला या, चहा पाजतो आणि दोन-चार उसवलेले बूट दाखवतो, आत काय काय भरतात ते बघितलं की पुढच्या वेळी मला विचारायची गरज पडणार नाही.

पांढरा कॅनव्हास घेतल्यावर एक होणारच, पहिल्या धुण्यात पिवळा पडेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. तो साबण आत राहून उन्हात वाळल्यामुळे पडतो. भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढा, ओला असतानाच वरून पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा आणि सावलीत वाळवा, पिवळेपणा कागदावर येतो. तरी राहिलाच तर पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री आपण करायचो तेच, ओला खडू. आणि पावसाळ्यात तो घालून शेतात जाऊ नका, सपाट सोल आपल्या काळ्या मातीत असा सटकतो की बूट आणि माणूस दोन्ही धुवायला काढावे लागतात.